वाणाच्या साबणासाठी भडक रंग हवे होते: मशीद बंदरहून काय आणलं, त्यातलं काय चाललं

आमच्या कन्नमवार नगरात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लास्टिकच्या डब्या, चाळण्या आणि स्टीलच्या वाट्या वाटून वाटून सगळ्यांच्या घरी इतक्या साचल्यात की दिलेलं वाण पुढच्या वर्षी दुसऱ्या बिल्डिंगमधून फिरून परत आपल्याच घरी येतं, म्हणून गेल्या वर्षी मी घरचा साबण वाटला. साबण मी बरीच वर्षं करतेय, आधी मेल्ट अँड पोअर, म्हणजे तयार साबणाचा बेस वितळवून साच्यात ओतायचा, आणि आता कोल्ड प्रोसेस, म्हणजे तेल आणि कॉस्टिक सोड्यापासून साबण मुळापासून करायचा. चाळीस वड्या केल्या, मुलतानी माती, कोळसा, मंजिष्ठा असले रंग घालून. सगळ्या छान छान म्हणाल्या, आणि समोरच्या काकू चपला घालता घालता म्हणाल्या, "वास मस्त आहे गं, पण दिसायला ढेकूळ."

लागलं मला, पण खोटं नव्हतं. मग यंदा ठरवलं की पैठणीचे रंग करायचे. राणी, पोपटी, चिंतामणी, झगझगीत पिवळा. लांबून डोळ्यात भरले पाहिजेत. त्यासाठी नोव्हेंबरच्या सुरुवातीला रंग आणले, सगळे करून पाहिले, काही बॅचेस वाया घालवल्या, त्याचा हा रिव्ह्यू.

आधी एक गोष्ट सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. लहानपणी शर्टावर आमटी सांडली आणि आईने साबण लावला की डाग लालभडक व्हायचा, आठवतंय? हळद आणि अल्कली. कुंकू पण पूर्वी हळदीला चुना लावूनच करायचे, तीच केमिस्ट्री. कोल्ड प्रोसेस साबण कॉस्टिक सोडा घालून करतात, ताजं बॅटर (साच्यात ओतायचं मिश्रण) एकदम कडक अल्कलाइन असतं, आणि साबण पूर्ण मुरल्यावरसुद्धा पीएच नऊ-दहाच्या आसपास राहतो. म्हणजे तुम्ही घातलेला प्रत्येक रंग आधी या परीक्षेला बसतो. पुडीत तो कसा दिसतो त्याला काही अर्थ नाही. बीट घातलं तर तपकिरी, जास्वंद घातली तर मळकट राखाडी, आणि कोकम, बाई गं कोकम, मी आमसुली रंगाच्या हौसेने आगळ घातलं होतं एकदा, गटाराचा रंग आला. किचनमधलं टिकतं ते शेंद्रीचा केशरी आणि मंजिष्ठाचा गुलाबी, रतनजोत तेलात भिजवून घातलं तर जांभळट निळा येतो. सुंदर रंग आहेत पण शांत आहेत, झगझगीत नाहीत.

आता खरेदी. विक्रोळीहून स्लो लोकल पकडून मशीद. मशीद बंदरच्या वडगादीच्या बाजूला केमिकल आणि रंगवाल्यांची दुकानं आहेत, हातगाड्या, "बाजू बाजू" ओरडणारे हमाल, आणि गल्लीत शिरलं की नाकाला आधी इसेन्स मग फिनेलचा वास. मी ज्या दुकानातून घेतलं त्याचं नाव देत नाही, कारण पुढे थोडं वाईट लिहिणार आहे आणि अशी दुकानं तिथे डझनाने असतील. चांगलं आधी सांगते: पन्नास ग्रॅम सुटं देतात, किलोच घ्या म्हणत नाहीत, वजन बरोबर होतं, आणि रंग कागदावर बोटाने फासून दाखवतात. वाईट हे की मी विचारलं, "भैया ये साबुन में चलेगा ना, कोल्ड प्रोसेस?" तर "मॅडम साबुन में सब चलता है." सब. एवढं बोलून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला रेझिनवाल्या पावडरी दाखवायला गेला. हे लक्षात ठेवा, हल्ली रेझिन आर्टची लाट आहे, त्यामुळे मायकाच्या (चमकदार अभ्रकाच्या पावडरीच्या) नावाखाली रेझिनसाठीची आणि अंगाला लावायची पावडर एकाच रॅकवर, एकसारख्या झिपच्या पाऊचमध्ये असते. मी दोनदा विचारून "कॉस्मेटिक ग्रेड" घेतलं, पण पाऊचवर कलर इंडेक्स नंबर, म्हणजे आत नेमका कुठला रंग आहे ते सांगणारा ओळख क्रमांक, नव्हता आणि मी मूर्खासारखं तरी घेतलं.

आणि हो, "ग्लो" म्हटल्यावर त्याने मला आधी रेडियम दाखवलं! म्हणजे आपण ज्याला रेडियम म्हणतो ती अंधारात चमकणारी हिरवट पावडर. खरं रेडियम नसतंच त्यात, बहुतेक स्ट्रॉन्शियम अ‍ॅल्युमिनेट असतं, त्याला पाणी लागलं की ते खराब होतं आणि ते अंगाला लावायच्या वस्तूत घालायचंही नाही. बाथरूमची लाइट गेली तरी साबण सापडेल ही आयडिया मोहात पाडते, कबूल, पण नको.

मायकापासून सुरू करते कारण तिथेच माझे पैसे बुडाले. निळा, जांभळा, गुलाबी आणि सोनेरी असे चार घेतले. पुडीत काय दिसतात, मोराच्या पिसासारखे! मायका म्हणजे अभ्रक, त्याच्या बारीक चकत्यांवर टायटॅनियम डायऑक्साइडचा थर देतात आणि वरून रंग. चमक येते ती या चकत्या आरशासारखा प्रकाश परतवतात म्हणून. पण आरसा चिखलात बुडवला तर चमकेल का? कोल्ड प्रोसेस साबण अपारदर्शक असतो, आतली चकती दिसतच नाही, चमक फक्त वरच्या अंगावर राहते आणि तीही दोन आंघोळीत जाते. पारदर्शक मेल्ट अँड पोअर बेसमध्ये मात्र हाच मायका असा काही झळकतो की मन भरतं. म्हणजे वस्तू वाईट नाही, जागा चुकली.

पण निळ्याची आणि जांभळ्याची गोष्ट वेगळी, ते जागेवरच मेले. निळा मायका बॅटरमध्ये घातला, पाच मिनिटं सुरेख निळा, मला वाटलं जिंकलं, सकाळी साचा उघडला तर चहात बिस्कीट विरघळल्यासारखा रंग. कारण नंतर शोधलं: पुष्कळ निळ्या मायकात प्रशियन ब्लू वापरतात, म्हणजे फेरिक फेरोसायनाइड, नंबर ७७५१०, आणि ते अल्कलीत तुटून त्यातल्या लोखंडाचा गंजासारखा रंग उरतो. जांभळ्यात पुष्कळदा मँगनीज व्हायलेट असतं, ७७७४२, तेही अल्कलीत टिकत नाही, माझी वडी पांढुरकी राख झाली. पाऊचवर हे नंबर छापलेले असते तर दुकानातच पाऊच परत ठेवलं असतं, आणि माझा मुख्य राग हाच आहे. मी परत गेले तर "हमारे पास तो कंप्लेंट नहीं आया कभी." बदलून दिलं नाही. गुलाबी आणि सोनेरी टिकले, पण फिके.

अजून एक, आणि हे माझ्या मनात बरेच दिवस घोळतंय. नैसर्गिक अभ्रक बरंचसं झारखंडच्या कोडरमा-गिरिडीह भागातून येतं आणि तिथल्या खाणींतल्या बालमजुरीच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. कारखान्यात बनवलेला सिंथेटिक मायकाही मिळतो, घटकांच्या यादीत सिंथेटिक फ्लोरफ्लोगोपाइट असं लिहिलेलं असतं. महाग असतो पण मी आता तोच घेते, घेते म्हणजे मेल्ट अँड पोअरपुरताच.

आता मुख्य हिरो. निऑन पावडरचा सहा रंगांचा सेट: राणी, केशरी, पिवळा, पोपटी, निळा, जांभळा, प्रत्येकी दहा ग्रॅम. हे पिगमेंट म्हणजे फ्लोरोसंट डाय प्लास्टिकसारख्या रेझिनमध्ये कोंडून दळलेली पावडर. साधा रंग त्याच्यावर पडलेल्या उजेडातला आपला हिस्सा तेवढा परत देतो, बाकीचा गिळतो. निऑन काय करतो, डोळ्याला न दिसणारा अल्ट्राव्हायोलेट आणि थोडा निळा उजेड खातो आणि तो स्वतःच्या रंगात परत फेकतो, म्हणून तो आतून पेटल्यासारखा दिसतो. आपल्या आयांनी पांढऱ्या शर्टाला टिनोपॉल घातलं ते याच नात्यातलं, तिथे निळसर उजेड बाहेर येतो म्हणून कपडा जास्त पांढरा भासतो.

आणि साबणात? पिवळा, पोपटी, केशरी, राणी, हे चारही कॉस्टिकला पुरून उरले. जसे पुडीत होते जवळजवळ तसेच साच्यातून बाहेर आले, मी तर पहाटे सहाला गॅलरीत उभी राहून वडी हातात फिरवत बसले होते. पिवळा तर असा की ट्रॅफिक पोलिसाचं जॅकेट. निळा आणि जांभळा सेटमधले सगळ्यात कमजोर, ठीकठाक, निऑन म्हणावं असं काही त्यांच्यात नाही.

तपासायची माझी पद्धत सांगते. कोपऱ्यावरच्या मेडिकलवाल्याकडे नोटा बघायचा जांभळा दिवा असतो ना, त्याच्याखाली चारी वड्या धरल्या. नोटेवरचे नंबर जसे चमकतात तसा साबण चमकला, मेडिकलवाला म्हणाला, "ताई हा साबण खोटा नाही." अल्ट्रामरीन या साध्या निळ्या रंगाची वडी त्याच दिव्याखाली काळी ठिक्कर. दुकानात निऑन म्हणून साधा गुलाबी गळ्यात मारला असेल तर हा दिवा लगेच सांगतो, हल्ली चावीच्या रिंगएवढा टॉर्चही मिळतो, खिशात घालून जा.

पण निऑनचे नखरे आहेत आणि ते दुकानदार सांगत नाही. पावडर इतकी हलकी की पाऊच उघडलं की उडते, मास्क लावा, मी लावला नाही आणि दिवसभर गुलाबी शिंकले. थेट बॅटरमध्ये टाकली की गुठळ्या होतात आणि वडीवर गोवर आल्यासारखे ठिपके दिसतात, म्हणून आधी चमचाभर तेलात कालवायची, कॉफी फेटायचं बॅटरीवालं यंत्र यासाठी बेस्ट. प्रमाण: अर्धा किलो तेलाला अर्धा छोटा चमचा घाला, फार तर एक चमचा. मी राणीत हावरटासारखे दोन घातले तर फेस गुलाबी आला आणि पांढऱ्या टॉवेलवर डाग पडला. शिवाय राणी रंग दोन आठवड्यांत शेजारच्या पांढऱ्या थरात झिरपला, रेघ धूसर झाली. रेझिनने डाय नीट धरून ठेवला असता तर हे झालं नसतं, म्हणजे माल हलका होता.

इथे जरा गंभीर बोलते. फ्लोरोसंट गुलाबीमध्ये पुष्कळदा रोडामाइन जातीचे डाय असतात. रोडामाइन-बी हे नाव ऐकलं असेल, २०२४ च्या फेब्रुवारीत तामिळनाडूने बुड्ढी के बालवर बंदी घातली ती त्यात हे सापडलं म्हणून. काही निऑनचं रेझिन फॉर्मल्डिहाइड वापरून बनवलेलं असतं. याचा अर्थ सगळे निऑन विषारी असा नाही, अर्थ एवढाच की कागद मागा. मशीद बंदरच्या व्यापाऱ्यांना "एमएसडीएस" (मालाच्या सुरक्षिततेची माहिती) आणि "सीओए" (तपासणीचा दाखला) हे शब्द पाठ असतात, तुम्ही म्हटलं की त्यांचा चेहराच बदलतो, ज्याच्याकडे असतील तो व्हॉट्सअ‍ॅपवर पीडीएफ टाकतो आणि ज्याच्याकडे नसतील तो "मालिक बाहर गए हैं" म्हणतो. आपल्याकडे कॉस्मेटिक्स रूल्स २०२० प्रमाणे सौंदर्यप्रसाधनात भारतीय मानक ४७०७ भाग १ मध्ये दिलेलेच रंग चालतात आणि सेंद्रिय रंगांत शिसं दशलक्षात २० भागांच्या वर चालत नाही. विकायला करणार असाल तर परवाना लागतो, मी विकत नाही, पण चाळीस बायकांच्या अंगाला लागणार आहे तर तेवढी काळजी मलाही घ्यायलाच हवी ना. म्हणून वाणासाठी मी हा सेट वापरलाच नाही, नंतर कागदपत्रं देणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याकडून फक्त राणी, पिवळा आणि पोपटी घेतले, जवळजवळ दुप्पट भाव पडला. ते झिरपले नाहीत. होळीचा गुलाल, रांगोळीचा रंग, पोस्टर कलर हे साबणात घालायचे का असं मला तिघींनी विचारलंय, उत्तर नाही, कितीही सुंदर दिसले तरी नाही.

निळ्यासाठी मात्र अल्ट्रामरीन, डोळे झाकून. नंबर ७७००७. एकेकाळी हा रंग अफगाणिस्तानातल्या लाजवर्द दगडापासून काढायचे आणि त्याची किंमत राजेरजवाड्यांनाच परवडायची, मग फ्रान्समध्ये तो बनवून दाखवणाऱ्याला सहा हजार फ्रँकचं बक्षीस लावलं होतं आणि १८२८ मध्ये ते गिमे नावाच्या माणसाला मिळालं. आज तोच रंग मी पन्नास ग्रॅमच्या पुडीत वडापावच्या भावात घेऊन आले. अल्कलीत ढिम्म हलत नाही. दिव्याखाली चमकत नसला तरी पांढऱ्या बेसवर असा खोल निळा येतो की बघत राहावं, आणि त्यात क्रोमियम ऑक्साइडचा हिरवा चिमूटभर घातला की चिंतामणी, अगदी माझ्या सासूबाईंच्या साडीच्या काठासारखा. कपड्याची नीळ त्याच कुळातली असते पण ती कपड्यासाठीच असू दे, साबणाला कॉस्मेटिक ग्रेड घ्या. आणि बाथ बॉम्ब, म्हणजे आंघोळीच्या पाण्यात फसफसणारे गोळे, करत असाल तर अल्ट्रामरीन जपून, आंबट लागलं की तुटतो, भाच्याने पावडरवर लिंबू पिळलं तर घरभर सडक्या अंड्याचा वास.

आयर्न ऑक्साइडबद्दल फार लिहीत नाही. लाल म्हणजे आपला गेरू, पिवळा म्हणजे पिवडी, शुद्ध करून विकलेले. कधीच फसवत नाहीत, कधीच झगमगत नाहीत. आणि निऑनमध्ये चुकूनही मिसळू नका, निऑनला लागणारा उजेड ते गिळून टाकतात, मी केशरी "जरा गडद" करायला लाल ऑक्साइड घातला आणि परत ढेकूळ झालं.

रंग कितीही चांगला घ्या, बेस पिवळा असेल तर सगळं फुकट, आणि हे मला फार उशिरा कळलं. मी नेहमी राइस ब्रान आणि ऑलिव्ह पोमेस ही तेलं वापरायची, एकाने पिवळी झाक येते, दुसऱ्याने हिरवट, त्यात निळा घातला की तो शेवाळ्याकडे झुकतो आणि राणी विटेकडे. यंदा खोबरेल आणि शिया बटर वाढवलं, बेस दह्यासारखा पांढरा. टायटॅनियम डायऑक्साइड थोडंच घातलं, कारण जास्त झालं की निऑन दुधाळ होतो, राणीचा बेबी पिंक होतो आणि मुंबईच्या गरमीत ग्लिसरीनच्या पारदर्शक नद्या वडीभर दिसतात. व्हॅनिलाचा सुगंध टाळला, व्हॅनिलिनने साबण तपकिरी होतो. आणि गोधडी! एकाच बॅटरचे दोन श्रीखंडाचे डबे भरले, एक फ्रीजमध्ये, एक गोधडीत गुंडाळून. गोधडीतला गरम होऊन जेल झाला आणि त्याचा रंग खोल, किंचित आरपार, जवळजवळ रत्नासारखा आला. फ्रीजवाला तोच रंग असून खडूसारखा. एकाच पुडीतून दोन रंग, पैसे न देता.

आता थोडक्यात कुणाला किती गुण. पहिलं दुकान: सुट्या मालासाठी आणि अल्ट्रामरीनसाठी पाचात तीन, मायकासाठी शून्य. निऑन, कागदासकट घेतलेला, पाचात साडेचार. अर्धा कापला तो पुढच्या कारणाने.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळ्या वड्या ओतल्या, सहा आठवड्यांनी मुरल्या, रथसप्तमीच्या आधीच्या शनिवारी वाटल्या. काकूंना मुद्दाम राणी दिली. त्यांना इतकी आवडली की वापरलीच नाही, हॉलमध्ये खिडकीसमोरच्या काचेच्या शोकेसमध्ये गणपतीच्या शेजारी ठेवली. आणि फ्लोरोसंट रंगाला ऊन अजिबात सोसत नाही. मार्चमध्ये त्या दारात वडी घेऊन हजर, एक बाजू राणी, दुसरी बाजू सुकलेल्या गुलकंदासारखी. "अगं रंग उडाला की हिचा."

मी म्हटलं, काकू, ही आंघोळीला घ्या आजपासून. काचेत ठेवायला ही घ्या, म्हणून त्यांना चिंतामणी दिली.